जंतूचं नाव कळल्यावर



ही व्याख्यानमाला ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ चालते, त्यांच्या दवाखान्यात जाऊन आलेली बरीच मंडळी आज या सभागृहात आहेत. रुग्ण समोर बसला की गाव कोणतं, काम काय करता, घरात कोण कोण आहे, जेवण कसं आहे, हे ते आधी विचारत आणि मग तपासायला घेत. त्यांच्या या पद्धतीला साजेसा विषय मी आज निवडला आहे.

गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर त्या कृत्रिम सांध्यात काही वेळा जंतुसंसर्ग होतो. त्यातल्या थोड्या रुग्णांत असा जंतू सापडतो, की त्याचं नाव वाचून अनुभवी सर्जनही रिपोर्ट पुन्हा हातात घेतात. माझं म्हणणं असं आहे की अशा वेळी सांध्यावर उपचार करून थांबू नये. तो जंतू सांध्यापर्यंत पोचला कसा, हे शोधावं. दुखतो सांधा, पण मूळ आजार पुष्कळदा दुसरीकडे असतो. कधी मोठ्या आतड्यात, कधी अस्थिमज्जेत, कधी आजवर न तपासलेल्या साखरेत, तर कधी गोठ्यात.

मी हाडांची सर्जन नाही. माझं काम प्रयोगशाळेतलं. शस्त्रक्रियेच्या खोलीतून जे येतं त्यातून जंतू वाढवायचा, तो ओळखायचा, कोणतं औषध त्याला लागू पडेल ते कळवायचं. त्या टेबलावर बसून या विषयाकडे जसं पाहता येतं, तसं मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

धातू आणि जंतू

खुबा बदलण्याच्या आजच्या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी घातला. धातूचा छोटा गोळा, पॉलिथिलीनची वाटी आणि दोन्ही हाडात पक्कं बसवणारं अ‍ॅक्रिलिक सिमेंट ही त्यांची रचना नोव्हेंबर १९६२ पासून वापरात आली. रचना यशस्वी ठरली, पण सुरुवातीला १०० रुग्णांपैकी ७ किंवा त्याहून जास्त जणांच्या सांध्यात जंतू शिरत होते. एवढी चांगली शस्त्रक्रिया जंतूंपायी सोडून द्यावी लागेल, अशी ती परिस्थिती होती. चार्नलींनी टेबलाभोवती गाळलेल्या हवेची बंदिस्त जागा उभारली, सर्जनच्या अंगावरचे कपडे बदलले, आणि सुमारे दहा वर्षांत हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आणलं. आज चांगल्या रुग्णालयांत पहिल्यांदाच बदललेल्या गुडघ्यात किंवा खुब्यात संसर्गाचं प्रमाण साधारण १ ते २ टक्के असतं.

१ ते २ टक्के म्हणजे थोडं. पण ज्याच्या वाट्याला ते येतं त्याला पुन्हा शस्त्रक्रिया, कित्येक आठवडे शिरेतून औषधं, कधी सगळा सांधा काढून महिन्यांनी दुसरा बसवणं, हे सोसावं लागतं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा घातली. ही शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. शस्त्रक्रिया वाढल्या की तेवढ्याच टक्केवारीत अडचणीत येणारी माणसंही वाढतात.

धातूच्या सांध्यात जंतूंचं एवढं फावतं कसं? याचं उत्तर १९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन यांनी केलेल्या एका प्रयोगात मिळतं. त्यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस हा पू करणारा जंतू टोचला. निरोगी त्वचेत पू होण्यासाठी लाखो जंतू लागले. त्याच जागी रेशमाच्या धाग्याचा टाका असला, तर काही शेकडा जंतूंनी काम भागलं. शरीराबाहेरची वस्तू आत असली की आपली प्रतिकारशक्ती त्या जागी दुबळी पडते, हे त्यातून स्पष्ट झालं. धातूवर चिकटलेले जंतू स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडून थर बनवतात. विहिरीच्या पायरीवर धरलेलं शेवाळ पाणी ओतून जात नाही, खरवडावं लागतं; तसाच हा थर नुसत्या औषधाने निघत नाही.

जंतू या धातूपर्यंत दोन वाटांनी येतात. एक वाट शस्त्रक्रियेची. त्या वेळी त्वचेवरून किंवा हवेतून पडलेले जंतू काही दिवसांत किंवा दोनेक वर्षांच्या आत त्रास सुरू करतात. दुसरी वाट रक्ताची. दात, लघवीचा मार्ग, पायाची जखम, आतडं, हृदयाची झडप, कुठूनही जंतू रक्तात उतरले की फिरत फिरत धातूवर येऊन बसतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस रक्तात आलेल्या कृत्रिम सांध्याच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांचा सांधा त्याने बाधित झाल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं होतं.

आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत बहुतेक वेळा ओळखीची नावं असतात: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, त्वचेवरचा एपिडर्मिडिस, काही स्ट्रेप्टोकॉकस, लघवीच्या मार्गातला ई. कोलाय, खांद्याच्या सांध्यात क्युटिबॅक्टेरियम. आज मला बोलायचं आहे ते क्वचित दिसणाऱ्या नावांबद्दल. त्यांतलं बहुतेक प्रत्येक नाव शरीरातल्या एखाद्या विशिष्ट जागेकडे किंवा माणसाच्या जगण्यातल्या एखाद्या विशिष्ट गोष्टीकडे बोट दाखवतं.

गुडघ्यात सापडलेला आतड्यातला जंतू

पहिलं नाव स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस. जुन्या पुस्तकांत हा स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस या नावाखाली येतो. गुरांच्या आणि काही माणसांच्या आतड्यात तो राहतो. हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग एकाच रुग्णात सापडल्याची नोंद अमेरिकेत १९५१ सालीच झाली होती. पण या संबंधाकडे वैद्यकाचं नीट लक्ष गेलं ते १९७७ मध्ये. क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या ६३ रुग्णांच्या शौचाची तपासणी केली. ३५ जणांत हा जंतू होता. कर्करोग नसलेल्या १०५ जणांत तो फक्त ११ जणांत मिळाला. त्यानंतर झालेल्या अभ्यासांत, रक्तात गॅलोलिटिकस सापडलेल्या ज्या रुग्णांची कोलोनोस्कोपी झाली, त्यांतल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांच्या आतड्यात कर्करोग किंवा कर्करोगाकडे जाऊ शकणारी गाठ निघाली.

याचं कारण बरंचसं समजलं आहे. आतड्याचं निरोगी अस्तर जंतूंना रक्तात उतरू देत नाही. गाठ झालेल्या जागी ते अस्तर कमकुवत होतं, खालचं कोलॅजन उघडं पडतं. हा जंतू कोलॅजनला चिकटण्यात तरबेज आहे. तिथून तो रक्तात उतरतो आणि झडपेवर किंवा कृत्रिम सांध्यावर जाऊन बसतो. त्याचे काही वाण गाठीची वाढही वेगाने करतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसात तो गाठ घडवतो, की गाठीमुळे त्याला जागा मिळते, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. रुग्णाच्या दृष्टीने मात्र दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच. आतडं तपासलं पाहिजे.

कृत्रिम सांध्यात हा जंतू सापडल्याच्या ज्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत, त्यांतलं चित्र पुष्कळदा सारखं असतं. माणूस साठी-सत्तरीचा. गुडघा किंवा खुबा बदलून काही वर्षं झालेली, चालणं-फिरणं व्यवस्थित. एक दिवस सांधा सुजतो, ताप येतो. पोटाची तक्रार काहीच नसते. वजन घटलेलं नसतं, शौचातून रक्त पडलेलं नसतं. सांध्यातल्या पाण्यातून हे नाव येतं, म्हणून कोलोनोस्कोपी होते आणि आतड्यात गाठ दिसते. लक्षणं दिसण्याआधी सापडलेली गाठ पुष्कळदा दुर्बिणीतूनच काढून टाकता येते. तीच गाठ दोन-तीन वर्षांनी पोट फुगल्यावर सापडली असती, तर गोष्ट फार वेगळी झाली असती.

आपल्याकडे या धाग्याचं मोल अधिक आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची चाचपणी होते. मोठ्या आतड्याची होत नाही. लक्षण नसलेल्या माणसाच्या आतड्यात डोकावण्याची संधी आपल्या व्यवस्थेत जवळजवळ येत नाही. सांध्यातल्या जंतूने ती दिली, तर ती दवडू नये. आणि झडपेचा प्रश्नही त्याच दमात सोडवावा. गॅलोलिटिकस रक्तात असेल तर हृदयाचा एकोही व्हायला हवा.

पावसाळा, माती आणि साखर

दुसरं नाव आपल्या किनारपट्टीच्या जवळचं आहे. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, आणि त्याच्यापासून होणारा आजार मेलिओइडोसिस. या आजाराचं पहिलं वर्णन रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलं. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. एका हिंदी डॉक्टरचा शोधात एवढा वाटा असलेला हा आजार पुढे कित्येक दशकं भारतात फारसा ओळखलाच गेला नाही.

हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. भातशेतीत अनवाणी उतरलेल्या माणसाच्या पायावरच्या भेगेतून, मुसळधार पावसात श्वासावाटे किंवा दूषित पाण्यातून तो शरीरात जातो. म्हणून रुग्ण पावसाळ्यात वाढतात. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, उडुपी-मंगळूरच्या भागात, त्याच्या नोंदी मोठ्या संख्येने आहेत. गोवा आणि महाराष्ट्रातूनही रुग्ण नोंदवले गेले आहेत. फुप्फुस, यकृत, प्लीहा, पुरुषांत प्रोस्टेट, हाडं, सांधे, कुठेही तो पू करतो. छातीच्या एक्स-रेवर तो क्षयासारखा दिसतो, आणि क्षयाचं औषध सुरू होऊन महिने निघून गेलेले रुग्ण प्रत्येक मोठ्या केंद्राने पाहिले आहेत. कृत्रिम सांध्यातही तो सापडल्याच्या नोंदी आहेत.

या जंतूमागे दडलेला आजार बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे मधुमेह. मेलिओइडोसिसच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना मधुमेह असतो, आणि काहींना तो आहे हे दवाखान्याच्या त्याच फेरीत प्रथम कळतं. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. त्यांतल्या कितीतरी जणांना आपला आजार ठाऊक नसतो. मूत्रपिंडाचा जुना विकार आणि अति मद्यपान यांनीही या आजाराचा धोका वाढतो. म्हणून हे नाव आलं की एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी ताबडतोब व्हावी. यकृतात आणि प्लीहेत लपलेला पू सोनोग्राफीत दिसतो.

प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी इथे थोडं बारकाईने सांगते. हा जंतू स्यूडोमोनाससारखा दिसतो आणि घाईत तसाच लिहिला जातो, किंवा बाहेरून आलेला समजून टाकून दिला जातो. ऑक्सिडेझ चाचणी होकारार्थी, जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद नाही, पण को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हला दाद, अशी जोडणी दिसली की थांबावं आणि मेलिओइडोसिस नाही ना हे पाहावं. सर्जनांसाठीही याचं महत्त्व आहे. संसर्ग झालेल्या सांध्यात वापरल्या जाणाऱ्या सिमेंटमध्ये बहुधा जेंटामायसिन मिसळलेलं असतं, आणि या जंतूवर ते सहसा चालत नाही. शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान दोन आठवडे, सांध्याला बहुधा त्याहून जास्त, आणि मग को-ट्रायमॉक्सॅझोल काही महिने, असा या आजाराचा उपचार आहे. नाव चुकलं तर औषध चुकतं, आणि मधुमेहही तसाच राहतो.

गोठा आणि जुना क्षय

तिसरं नाव ब्रुसेला. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू पाहिला. तो शेळ्यांच्या दुधातून येतो, हे थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी १९०५ मध्ये दाखवलं. आपल्या घरांत दूध उकळून पितात, ही आपली मोठीच ढाल आहे. पण धारा काढणारे, गाय विण्याच्या वेळी हात घालणारे, गाभडलेलं वासरू उचलणारे, पशुवैद्य आणि खाटीकखान्यातले कामगार या ढालीच्या बाहेर राहतात. कृत्रिम सांध्यात ब्रुसेला सापडला की रुग्णाला महिनोन्महिने संध्याकाळचा ताप येतो का, कंबर दुखते का, घाम फुटतो का, हे विचारावं. मणक्यात त्याने घर केलं असेल. मग घरातल्या इतरांनाही विचारावं आणि जनावरांकडे पाहावं. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देण्याची तरतूद आहे. एका माणसाच्या गुडघ्यातला जंतू एका गोठ्यातल्या जनावरांची तपासणी घडवू शकतो, ही सार्वजनिक आरोग्याची फार मोठी गोष्ट आहे. एक विनंती सर्जनांनाही. शंका असेल तर नमुन्यासोबत तसं लिहा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ब्रुसेलाची लागण सहज होते.

क्षयाबद्दल वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. गुडघा झिजला म्हणून बदलला जातो, पण मुळात तो जुन्या क्षयाने खराब झालेला असतो, असंही घडतं. किंवा फुप्फुसातला, ग्रंथीतला दबून बसलेला क्षय वयामुळे, मधुमेहामुळे, स्टेरॉइडमुळे जागा होतो आणि रक्तावाटे सांध्यात उतरतो. नेहमीचं कल्चर काहीच दाखवत नाही. रिपोर्टवर ‘जंतू वाढले नाहीत’ असं येतं, जखम मात्र झिरपत राहते. अशा रुग्णाचा नमुना क्षयासाठी वेगळा पाठवला, सीबी-नॅटसारखी चाचणी आणि पेशींची तपासणी केली, तर निदान होतं. ते झाल्यावर छातीचा एक्स-रे, एचआयव्हीची चाचणी आणि साखर, या तीन गोष्टी राहू नयेत.

शरीराची राखण कमी पडते तेव्हा

आता काही नावं एकत्र घेते. त्यांचा रोख शरीरातल्या एखाद्या जागेपेक्षा प्रतिकारशक्तीतल्या खिंडाराकडे असतो.

न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा ओळखीचा जंतू आहे. तो प्रौढ माणसाच्या कृत्रिम सांध्यात, तेही पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर या माणसाच्या रक्तात चांगली प्रतिपिंडं तयार होत आहेत का, प्लीहा काम करते आहे का, असं विचारावं लागतं. अस्थिमज्जेचा कर्करोग मल्टिपल मायलोमा याच्या मागे असू शकतो. मायलोमात एकाच प्रकारची निरुपयोगी प्रथिनं भरमसाट बनतात आणि उपयोगी प्रतिपिंडं घटतात. त्याची बाकीची लक्षणं म्हणजे पाठ दुखणं, थकवा, रक्त कमी असणं, मूत्रपिंडावर ताण. सत्तरीतल्या माणसाने यांतलं काहीही सांगितलं तरी घरातले आणि डॉक्टरही वयाकडे बोट दाखवतात. सांध्यातल्या जंतूमुळे रक्तातल्या प्रथिनांचा इलेक्ट्रोफोरेसिस होतो आणि खरं कारण समोर येतं. प्लीहा काढलेली किंवा निकामी असेल तर लसी देता येतात आणि पुढचा जीवघेणा ताप टळू शकतो.

लिस्टेरिया हा अन्नातून येणारा जंतू. फ्रीजच्या थंडाव्यातही तो वाढत राहतो. फ्रान्समध्ये हाडं आणि सांध्यांत लिस्टेरिया झालेल्या ४३ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात कृत्रिम सांधा किंवा तत्सम रोपण होतं. वाढतं वय, स्टेरॉइड, संधिवातासाठी घेतलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, कर्करोग, यकृताचा विकार, यांपैकी काहीतरी त्याच्या पाठीशी असतं. आपल्याकडे याला आणखी एक पैलू आहे. गुडघेदुखीवर कुणी दिलेल्या पुड्या किंवा गोळ्या लोक वर्षानुवर्षं घेतात. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, हे घेणाऱ्याला कळत नाही. असा जंतू सापडला तर रुग्णाच्या औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगावी.

मायकोप्लाझ्मा होमिनिस या जंतूला पेशीभित्तिकाच नसते. म्हणून तो नेहमीच्या रंगाने दिसत नाही, साध्या कल्चरवर नीट वाढत नाही आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्याला लागू पडत नाहीत. तो सांध्यात सापडला तर जन्मजात किंवा नंतर उद्भवलेली प्रतिपिंडांची कमतरता आहे का, हे इम्युनोग्लोब्युलिन मोजून पाहावं लागतं.

साल्मोनेलाच्या मागे सिकल सेल आजार, एचआयव्ही किंवा ल्युपस असू शकतो. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यांत सिकल सेल किती आहे, हे इथल्या डॉक्टरांना सांगायला नको. त्या आजारात खुब्याचं हाड तरुणपणीच मरतं आणि खुबा बदलावा लागतो. तिथे झालेल्या साल्मोनेलाच्या संसर्गात सिकल सेलसाठी रक्ताची चाचणी झालेली नसेल, तर ती व्हायलाच हवी.

आणखी एक विशेष उदाहरण बीसीजीचं. मूत्राशयाच्या कर्करोगात बीसीजीचे जिवंत जंतू मूत्राशयात सोडून उपचार करतात. ते क्वचित रक्तात उतरून कृत्रिम सांध्यात बसतात. रिपोर्ट क्षयासारखा येतो, पण हा जंतू क्षयावरच्या पायराझिनामाइड या औषधाला जन्मतःच दाद देत नाही. हे औषध देण्याआधी एकच प्रश्न विचारला पाहिजे: मूत्राशयात कधी औषध सोडलं होतं का?

खुणा कशा वाचाव्यात

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अपरिचित जंतू सापडला म्हणजे आत काहीतरी भयंकर दडलंय, असा अर्थ काढू नये. पाश्चुरेला नावाचा जंतू मांजराच्या ओरखड्यातून किंवा कुत्र्याच्या चाटण्यातून गुडघ्यात येतो. त्याच्यासाठी घरातल्या प्राण्याची चौकशी पुरते. पुष्कळ रुग्णांत शोधूनही मूळ आजार मिळत नाही. सगळ्यांचं सगळं अंग स्कॅन करणं हा उपाय नव्हे. जंतूचं नाव कोणत्या दिशेला बोट दाखवतं, तेवढीच तपासणी करावी. गॅलोलिटिकसला कोलोनोस्कोपी, मेलिओइडोसिसला साखर आणि सोनोग्राफी, वारंवार येणाऱ्या न्यूमोकॉकसला प्रथिनांची तपासणी. खर्चही त्यामुळे आटोक्यात राहतो.

जंतू ओळखीचा असला तरी काही वेळा त्याच्या येण्याची वेळ खूण ठरते. आठ वर्षं नीट चाललेल्या गुडघ्यात अचानक स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला, किंवा दोन्ही गुडघे एका आठवड्यात सुजले, तर जंतू रक्तातून आला असण्याची शक्यता मोठी. मग हृदयाच्या झडपा, दात, पायाच्या जखमा आणि मणके तपासायला हवेत.

या खुणा निसटतात त्या मुख्यतः तीन कारणांनी.

पहिलं कारण घाई. सांधा सुजला की प्रतिजैविकाची गोळी सुरू होते, सूज थोडी उतरते आणि मग सांध्यातून काढलेल्या पाण्यात काहीच वाढत नाही. आजार तसाच राहतो, पुरावा तेवढा पुसला जातो.

दुसरं कारण अपुरे नमुने. शस्त्रक्रियेत वेगवेगळ्या जागांवरून पाच-सहा तुकडे घ्यावेत, हा आज मान्य झालेला नियम आहे. दोन वेगळ्या नमुन्यांत एकच जंतू आला की तो खरा मानता येतो. एकच स्वॅब पाठवला तर विचित्र नाव आल्यावर ते बाहेरून पडलेलं मानून सोडून दिलं जातं. आणि सावकाश वाढणाऱ्या जंतूंसाठी कल्चर चौदा दिवस ठेवायला हवं, तीन दिवसांत बंद करून चालणार नाही.

तिसरं कारण मला सर्वांत गंभीर वाटतं. आज गुडघा एका डॉक्टरकडे, साखर दुसऱ्याकडे, पोट तिसऱ्याकडे आणि जंतू चौथ्याकडे असतो. प्रत्येक जण आपल्या वाट्याचं काम चोख करतो. हे चारही धागे एकाच माणसाचे आहेत, हे मात्र कुणी एकत्र पाहत नाही. पूर्वी फॅमिली डॉक्टर ते पाहत. आता आपण ती जबाबदारी ठरवून वाटून घेतली पाहिजे. माझ्या मते ती प्रयोगशाळेपासून सुरू व्हावी. असं नाव आलं की आम्ही रिपोर्टवर सही करून पाठवून देऊ नये. सर्जनला फोन करावा, आणि या जंतूच्या मागे काय काय असू शकतं ते रिपोर्टच्या खालीच दोन ओळींत लिहावं.

आपल्याला काय करता येईल

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आई, वडील, सासूबाई, काका, कुणाचा तरी गुडघा बदललेला असेल. म्हणून शेवटी काही विनंत्या आपल्याला करते.

बदललेला सांधा नव्याने सुजला, लाल झाला, दुखू लागला किंवा जखम झिरपू लागली, तर स्वतःच्या मनाने किंवा औषधाच्या दुकानातून विचारून प्रतिजैविक घेऊ नका. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे आधी जा. रुग्णाला थंडी वाजून ताप असेल, रक्तदाब घसरला असेल, तर औषध थांबवून ठेवता येत नाही. पण तेव्हाही औषध सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर आणि सांध्यातलं पाणी घ्यायला दोन-चार मिनिटं लागतात.

डॉक्टरांना आपलं जगणं सांगा. शेतात पाण्यात उतरता का, गुरं आहेत का, घरात मांजर-कुत्रं आहे का, गेल्या वर्षात कोणती इंजेक्शनं, पुड्या, गोळ्या घेतल्या, दात काढला का, कर्करोगाचा उपचार झाला का. हे प्रश्न कुणी विचारले नाहीत, तर आपण होऊन सांगा.

कल्चरचा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. त्यावरचं नाव वाचता आलं नाही तरी हरकत नाही. आपल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: हा जंतू नेहमीचा आहे का? नसेल, तर तो आला कुठून असेल, आणि त्यासाठी आणखी काय तपासायला हवं? हा प्रश्न विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना सांगायचं ते असं. सांधा वाचवणं हे आपलं काम आहेच. पण ज्या माणसाचा सांधा आपण वाचवला, तो दोन वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाने गेला आणि त्याची खूण आपल्याच फाइलमध्ये लिहिलेली होती, असं आपल्या हातून होऊ देऊ नका. नाव वाचा, त्याचा माग काढा, आणि जो डॉक्टर तो आजार पाहतो त्याच्याकडे रुग्णाला नीट चिठ्ठी देऊन पाठवा.